तळ्याकाठच्या मुक्कामाला कोणती स्लीपिंग बॅग?

हिवाळ्यात कयाक घेऊन गोंदियातल्या तळ्यांवर जायचे आणि काठालाच तंबू टाकायचा, असा बेत आखणारे दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो थंडीचा: ही बॅग किती अंशांपर्यंत चालते? माझ्या मते विचारायला हवे ते ओलीबद्दल. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव वारंवार येते, पारा ८-९ अंशांवर उतरतो, कधी त्याखालीही जातो. हिमालयाच्या मानाने ही थंडी सोसण्यासारखी आहे. पण निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड झालेली जड हवा उतारावरून खोलगट जागी साचते, आणि तळे असते ते खोलगटातच. पाणी मात्र सावकाश निवते. त्याची वाफ थंड हवेत मिसळून धुके होते. पहाटे तंबूचे कापड बाहेरून दवाने ओले आणि आतून श्वासाच्या वाफेने. बॅगेचे पायाकडचे टोक त्या कापडाला टेकले की तेवढा भाग ओला झालाच.

स्लीपिंग बॅग ऊब निर्माण करत नाही. शरीराची ऊब ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेच्या आधाराने टिकवते. बदक-हंसांच्या मऊ पिसांची, म्हणजे डाऊनची बॅग कोरडी असताना सर्वांत उबदार. पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि हवा निघून जाते. कृत्रिम तंतूंची बॅग ओलसर झाली तरी बरीचशी फुगलेली राहते आणि लवकर वाळते. म्हणून तळ्याकाठी मी तिच्याच बाजूचा आहे. डाऊन हलकी असते आणि कमी जागेत मावते, हा आक्षेप पाठीवर ओझे वाहणाऱ्या ट्रेकरच्या बाबतीत खरा. कयाकमध्ये वजन पाणी पेलते. जागेची अडचण मात्र खरीच. तिच्या सामानाच्या कप्प्याचे तोंड लहान असते. त्यावर उपाय लांबट ड्राय बॅग: आत स्लीपिंग बॅग कोंबायची, वर गुडघा दाबून हवा काढायची, तोंडाला तीन-चार घड्या घालून बकल लावायचे. ड्राय बॅग असताना डाऊनला भीती कसली, असेही विचारले जाते. ती प्रवासातले पाणी अडवते, रात्रीची ओल नाही. उलट सकाळी दमट बॅग तशीच कोंबली तर ओल आतच कोंडते आणि दुसरी रात्र पहिलीपेक्षा गार जाते. पाणी न धरणारे प्रक्रिया केलेले डाऊन मिळते, पण त्याने भिजणे लांबते एवढेच, आणि किंमत वाढते.

मग पाण्यापासून दूर, उंचावर तंबू का टाकू नये? जमेल तिथे जरूर टाकावा. पण गोंदिया परिसरातला नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्या परिसरात मुक्काम परवानगी मिळेल तिथेच करायचा, कोरडी जागा हेरून नव्हे. आणि स्लीपिंग बॅगेऐवजी घरची गोधडी का नको? घरात ती उत्तमच, पण सुती कापड ओल शोषते आणि सोडायला दिवस लावते.

अंशांचा आकडा वाचतानाही जपायला हवे. आयएसओ २३५३७ या मानकात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम हा जीव कसाबसा तगण्याचा आकडा, झोपेचा नव्हे. जाहिरातीत ठळक असला तरी तो सोडून द्यावा. गोंदियासाठी कम्फर्ट ५ अंशांच्या आसपास असलेली बॅग पुरते. उणे १० ची बॅग इथे घाम आणते, आणि घाम म्हणजे पुन्हा आतली ओल. वाचलेले पैसे मॅटवर घालावेत, कारण अंगाखाली दबलेल्या तंतूंत हवा उरत नाही आणि खालून येणारा जमिनीचा गारवा मॅटच अडवते.