इंग्रजीचे पाठटाचण व शिक्षकाचे श्रम

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. मोठ्या माध्यमिक शाळेत एका इयत्तेचे टाचण तिच्या सर्व तुकड्यांस पुरते. बुलढाणा जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळेत मात्र एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता व सर्व विषय असतात. तासिका तितक्याच, पण टाचणे अनेक. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीही धरली आहे. तयारी हेही कामच होय.

अशा शिक्षकाने ‘आठवडी बाजार’ असा एकच विषय घ्यावा. पहिलीस शब्द, दुसरीस वाक्ये, तिसरीस संभाषण द्यावे व टाचण पुढील वर्षासाठी जपावे. टाचणाविना तास फळ्यावरील अक्षरे उतरविण्यातच सरतो व मूल मुकेच राहते.