नाणेसंचयाची साक्ष : जोगलटेंभी ते शहागंज

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शहागंज हा भाग निजामकालीन घड्याळाच्या मनोऱ्यामुळे व बाजारामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. सराफा त्याच्या जवळच आहे. येथून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर गोदातीरी पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, वसले आहे. टॉलेमीने आपल्या भूगोलात ज्या नगराला पुळुमावीची राजधानी म्हटले आहे, ते हेच. अशा भूमीत शेत नांगरताना जुने नाणे वर येणे नवलाचे नाही; पण ते बाजाराकडे वळले की त्याची किंमत काट्यावर ठरते. सराफास धातूचा कस व वजन पाहावयाचे असते. ते नाणे कोठे, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने व किती संख्येने सापडले, हे विचारण्याचे त्यास कारण नसते. इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न मात्र हाच असतो.

या प्रश्नाचे महत्त्व जोगलटेंभीच्या संचयावरून उत्तम रीतीने ध्यानात येते. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचे परीक्षण केले, तेव्हा नाण्यांची संख्या १३,००० हून अधिक भरली. सर्व नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव, असे त्यांचे स्वरूप आहे. मुखवटे मात्र एकसारखे नाहीत. कोठे चेहरा तरुण, कोठे वृद्ध, आणि नाकाची ठेवणही निरनिराळी. ठसे खोदणाऱ्यांनी राजास प्रत्यक्ष पाहिले असेल, असे म्हणणे त्यामुळे अवघड जाते.

यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठविलेला आहे. एका बाजूस कमानींचे चैत्यचिन्ह व भोवती त्याचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचे नाक, डोळा किंवा तुटक अक्षरे अद्याप दिसतात. जेत्याने चांदी वितळवून नवी नाणी पाडली नाहीत. चांदी तीच, वजनही तेच व लोकांच्या सवयीचे. बदलावयाचे होते ते केवळ राजाचे नाव. टांकसाळीच्या खर्चाच्या दृष्टीनेही हा व्यवहार शहाणपणाचा म्हणावा लागेल.

नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातील असून, आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे त्यात ती अभिमानाने सांगते. परंतु मातेने कोरविलेली प्रशस्ती ती प्रशस्तीच. त्यातील ‘क्षहरात’ म्हणजे खुद्द नहपान, की त्याच्या मागून आलेला कोणी वंशज, ही शंका त्या लेखाने फिटत नाही. ती फिटते या संचयाने. नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान दुसरा कोणी क्षहरात राजा होऊन गेला असता, तर त्याची थोडीतरी नाणी या हजारोंत मिसळलेली असती. तशी ती नाहीत. यास्तव नहपान व गौतमीपुत्र हे समकालीन प्रतिस्पर्धी होते, हे मत दृढ झाले. नहपानाच्या कारकिर्दीतील ४६ हे वर्ष शक संवताचे की त्याच्या राज्याचे, हा वाद पुढेही चालू राहिला. त्याचे उत्तर नाण्यांकडून मागणे योग्य नाही.

आता हीच नाणी दहा-वीसांच्या पुरचुंडीने वेगवेगळ्या पेठांत विकली गेली असती, तर काय झाले असते? प्रत्येक नाणे तेच राहिले असते. परंतु दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नवा छाप आहे, आणि तिसऱ्या राजाचे एकही नाणे त्यांत नाही, या दोन्ही गोष्टी कायमच्या नाहीशा झाल्या असत्या. अनुमानाचा सारा भार तर त्यांवरच आहे. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले, त्याचे शास्त्रीय मोल येथे प्रत्ययास येते.

चांदीस बाजारात मोल आहे, म्हणून तिला मुशीचे भय अधिक. सातवाहनांची बहुतेक नाणी शिसे, तांबे व पोटीन या मिश्रधातूची असून सराफास त्यांची मातब्बरी नाही. म्हणून ती उपेक्षणीय ठरत नाहीत. १९३९ मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळे येथे पोटीनच्या नाण्यांचा असाच संचय सापडला व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी यांची नाणी आहेत. पुराणांतील आंध्र राजांच्या यादीत या तिघांची नावे आढळत नाहीत.