यंत्रास सांगणे आणि माणसास सांगणे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. तेथे खाचरांत भात पिकते, तर डोंगरउतारावर नाचणी व वरी. कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंद पूर्वी तलाठी गावच्या दप्तरात करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘ई-पीक पाहणी’ हा उपक्रम राज्यभर सुरू केला. तेव्हापासून शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून मोबाइलवर ही नोंद करू लागला. गट क्रमांक निवडावा, पिकाचे नाव व क्षेत्र भरावे आणि उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावे, की नोंद पुढे सातबाऱ्यात जाते. पीककर्ज घेताना किंवा नुकसानभरपाई मागताना ती उपयोगी पडते.

अशी सोय ज्या आज्ञांच्या मालिकेवर चालते, तिला आज्ञावली म्हणतात. आज्ञावली तयार झाली म्हणजे ती रचणाऱ्याचे काम संपले काय? नाही. ती कशी वापरावी, हेही कोणीतरी लिहून द्यावे लागते. या लेखनास तांत्रिक लेखन म्हणतात. पुष्कळदा हे काम रचणाऱ्याच्याच वाट्यास येते, आणि तेथे त्याची खरी कसोटी लागते.

एरवी तो यंत्रासाठी लिहीत असतो. यंत्रास शंका येत नाही की भीती वाटत नाही. आज्ञा अचूक असली की ते ती मुकाट्याने पाळते. माणसाचे तसे नसते. ‘लोकेशन सुरू करा’ हे वाक्य वाचून शेतकरी विचारील, “लोकेशन म्हणजे काय? ते कोठे सुरू करायचे?” डोंगराच्या आडोशाला नेटवर्क गेले, तर भरलेली माहिती पुसली जाईल काय? खाचरात भात आणि बांधावर तूर असेल, तर काय लिहावे? रचणाऱ्यास हे प्रश्न सुचत नाहीत. रोजच्या पायवाटेवरील दगड चालणाऱ्यास दिसेनासे होतात, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून त्याने एका वाक्यात एकच कृती सांगावी. वाचणाऱ्याच्या ओळखीचा शब्द वापरावा. कृती केल्यावर पडद्यावर काय दिसेल आणि चुकल्यास मागे कसे यावे, तेही लिहावे. मग तो कागद एखाद्या नवख्याच्या हाती द्यावा व आपण गप्प बसून पाहावे. तो जेथे अडेल, तेथे दोष लेखनाचा समजावा, वाचणाऱ्याचा नव्हे.

कधी कधी दोष आज्ञावलीतच सापडतो. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी गणिताची पुस्तके सुबक छापता यावीत, म्हणून ‘टेक’ नावाची आज्ञावली रचली. तिची मार्गदर्शिकाही त्यांनी स्वतःच लिहिली. ती १९८४ साली पुस्तकरूपाने निघाली. स्वतः लिहिल्यामुळे आज्ञावलीत अनेक सुधारणा सुचल्या, असे त्यांनी नमूद केले आहे. जे सोपे करून सांगता येत नाही, ते पुष्कळदा मुळातच गुंतागुंतीचे असते.

पीक शेतात डोलत असावे आणि केवळ एक वाक्य न उमगल्याने त्याची नोंद राहून जावी, ही हानी लहान नव्हे. आपणांस येते ते दुसऱ्यासही करता येईल अशा रीतीने सांगणे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. आणि ती ऐकणाऱ्याकडूनच शिकावी लागते.