तेल नेमके कुठे जळते?

कासारवाडीतून नाशिक फाट्याकडे मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत ज्या मोटारीच्या आत जळक्या तेलाचा वास भरतो, तीच मोटार भोसरी-मोशी ओलांडून चाकणच्या वाटेला लागली आणि रस्ता मोकळा मिळाला (हे भाग्य रोजचे नव्हे), की वास विरून जातो आणि त्याबरोबर दोषही गेला असे मानले जाते. वास्तविक दोष जिथल्या तिथे असतो. बदललेला असतो तो हवेचा मार्ग. धावत्या मोटारीत समोरून शिरणारी हवा इंजिनावरून खाली आणि मागे निघून जाते. मोटार थांबली की हा झोत आटतो, तापलेली हवा बॉनेटखाली वर चढते आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळ, जी जाळी असते तिच्यातून पंखा ती आत ओढून घेतो. बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबल्यावर वास कमी झाला, तर तो बॉनेटखालून येतो असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळताच क्षणभर पेट घेते ते तापमान, साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअस असतो, तर सिलिंडरांतील जळालेला वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भाराखाली ५०० अंशांच्याही पुढे तापतो. त्यावर पडलेला थेंब बहुधा पेटत नाही; तो धुरावतो, त्यातील हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या तुटतात आणि प्राणवायूशी संयोग पावून नाकाला झोंबणारी आल्डिहाइडे व आम्ले तयार होतात. कढईत तापून धूर सोडणाऱ्या गोडेतेलाचा ठसका याहून वेगळा असतो, कारण खाद्यतेलातील ग्लिसरॉलपासून अॅक्रोलिन निर्माण होते आणि खनिज तेलात ग्लिसरॉल नसतेच. क्लचप्लेट घासली गेली तर वास जळक्या कागदासारखा येतो, कूलंट गळत असेल तर गोडसर येतो. गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी हा फरक ओळखता आला तर निम्मे काम झाले.

बाहेर जळणाऱ्या तेलाचा नेहमीचा उगम म्हणजे टॅपेट कव्हरचे पॅकिंग. इंजिनाच्या माथ्यावरील हे झाकण आणि हेड यांच्यामध्ये रबराची जी पट्टी असते, ती उष्णतेने वर्षानुवर्षे शेकून कडक होते, दाबलेल्या आकारातच राहते आणि उसळून फट भरण्याचा तिचा गुण जातो. मग तेल हेडच्या कडेने पाझरत थेट मॅनिफोल्डवर उतरते. पातळी पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी येथे एक हिशेब करावा. ऑइलच्या पट्टीवरील दोन खुणांमध्ये सामान्यतः एक लिटरच्या आसपास तेल मावते आणि एका मिलिलिटरचे सुमारे २० थेंब होतात. म्हणजे पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेवर येईपर्यंत जवळपास २०,००० थेंब गळून जाऊ शकतात, आणि केबिनमध्ये वास यायला त्यातले दोन-चार पुरेसे असतात. ऑइल बदलल्यावर लगेच वास सुरू झाला असेल, तर सांडलेले तेल, सैल फिल्टर किंवा पुन्हा वापरलेला ड्रेन प्लगचा जुना वॉशर यांच्यावर आधी संशय घ्यावा.

तेल सिलिंडरच्या आत जळत असेल, तर मात्र प्रकरण खर्चाचे असते. अशा वेळी वासाबरोबर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरतात म्हणून तो निळा दिसतो. हा धूर केव्हा येतो, यावर निदान अवलंबून असते. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीने सकाळी चालू होताच एक निळा लोट सोडला, किंवा बोरघाट गिअरमध्ये उतरून खोपोलीपाशी पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच तो दिसला, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवतीचे सील झिजलेले असण्याची शक्यता मोठी, कारण पेट्रोल इंजिनात अॅक्सिलरेटर सोडल्यावर निर्माण होणारी पोकळी तेथून तेल खेचते. चढावर, भाराखाली, धूर सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांकडे पाहावे लागते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या मोटारींना ही बाब अधिक जाचते. झीज रोखण्यासाठी तेलात घातलेला फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर साचतो आणि त्याची क्षमता मारतो.

निदानाचा क्रम उलटा केला जातो, हे बहुतेक वाया गेलेल्या खर्चाचे मूळ आहे. सगळीकडे तेलकट झालेल्या इंजिनाकडे पाहून गळतीची जागा सांगणे हा अंदाज असतो, कारण तेल उगमापासून खाली आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून इंजिन आधी धुऊन कोरडे करावे, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा, दहा-पंधरा किलोमीटर मोटार चालवावी आणि इंजिन निवल्यावर पावडर सर्वांत वर कुठे ओली झाली आहे ते पाहावे. आतल्या जळण्याचा संशय असेल तर प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन दाब मोजतात. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. एवढी चाचणी न करता इंजिन उतरवायला निघालेल्या मेकॅनिकला थांबवावे.

पॅकिंग बदलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे. रिंगांच्या कडेने खाली निसटणारा वायू, ज्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, ज्या ब्रीदर पाइपातून व व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो ती वाट काजळीने चोंदली असेल, तर आतला दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो आणि काही महिन्यांत तोच वास परत येतो. बोल्ट मधून कडेकडे, कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. जास्त आवळल्यास पत्र्याचे वा प्लास्टिकचे कव्हर वाकते. मॅनिफोल्डवरील उष्णतारोधक पत्र्यामागे मुरलेले तेल दुरुस्तीनंतरही जळत राहते, त्यामुळे दोन-तीन दिवस वास येणे स्वाभाविक असते. आठवड्यानंतरही तो कमी झाला नाही, तर पॅकिंग नीट बसलेले नाही किंवा गळतीची जागा दुसरीच आहे.