जवसाची चटणी आणि रजोनिवृत्ती

रजोनिवृत्ती हा बालरोगतज्ज्ञाचा प्रांत नव्हे. परंतु बाळासोबत त्याची आजीही येते आणि नातवाची तपासणी आटोपल्यावर अंगाची काहिली, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांविषयी संकोचाने विचारते. आमच्या गोत्रीत ‘अळसी’ या गुजराती नावाने मिळणारे जवस ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून घेत असल्याचेही ती ओघात सांगते.

या समजुतीला थोडा शास्त्रीय आधार आहे. जवसातील लिग्ननचे आतड्यातील जिवाणू एन्टेरोलॅक्टोनमध्ये रूपांतर करतात आणि त्यास इस्ट्रोजेनसारखा, पण अत्यंत सौम्य गुण असतो. अखंड दाणा पुष्कळदा न पचताच बाहेर पडतो. म्हणून भाजून, कुटून चटणी करण्याची आपली रीत शहाणपणाची आहे.

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे दिसल्याने अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासाचा तो भाग २००२ मध्ये थांबवण्यात आला. भयभीत स्त्रिया वनस्पतींकडे वळल्या. रोज ४० ग्रॅम कुटलेले जवस देऊन मेयो क्लिनिकने केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात काहिली निम्म्याने घटली. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे १८८ स्त्रियांवर तशी तुलना झाली. २०१२ च्या निष्कर्षानुसार जवस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचा त्रास निम्म्यावर आला. गुण आला हे खरे. तो जवसामुळे आला, हे सिद्ध झाले नाही.

चटणी अवश्य खावी. तंतू व ओमेगा-३ यांसाठी ती उत्तमच. चिंता आहे ती तिच्या भरवशावर होणाऱ्या विलंबाची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर झालेला रक्तस्राव, थेंबभर असला तरी, स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलाच पाहिजे. ‘चूर्णाची उष्णता’ म्हणून तो सोडून देऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीने सोया वा जवसाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्रास असह्य असेल तर तो सोसत बसण्याचेही कारण नाही. साठीच्या आतील, योग्य निवड केलेल्या स्त्रियांसाठी हार्मोन उपचार आजही सर्वांत परिणामकारक आहे. ज्यांना तो चालत नाही, त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधेही आहेत.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की औषधांची यादी घेताना ‘आणखी काय घेता?’ हे आवर्जून विचारावे. न विचारलेले चूर्ण भगिनी क्वचितच सांगतात.