निवृत्तीची पुंजी : एका संस्थेत की एका वहीत?

प्रस्तावना : नोकरदार कुटुंबाची निवृत्तीची पुंजी आज क्वचितच एका ठिकाणी असते. पती अनुदानित महाविद्यालयात व पत्नी खासगी आस्थापनेत असेल, तर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना (एनपीएस), भविष्य निर्वाह निधी, टपाल कार्यालयातील सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी (पीपीएफ), दोन-चार कंपन्यांचे म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवी अशी खाती साचत जातात. ही सर्व एकाच गुंतवणूक कंपनीकडे वळवावीत काय, या प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, यातील बराच भाग एकत्र करताच येत नाही. पीपीएफ व एनपीएस ही खाती व्यक्तिगत असतात. पती-पत्नींची ती जोडता येत नाहीत. भविष्य निर्वाह निधीची जुन्या नोकरीतील शिल्लक नव्या खात्यात अवश्य आणावी, परंतु हे एकत्रीकरण त्याच निधीच्या अंतर्गत होते. राज्य शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी अंशदान योजना आणली. आपल्यापैकी अनेक आज त्यातूनच एनपीएसमध्ये आले आहेत. म्हणजे प्रश्न उरतो तो मुख्यतः म्युच्युअल फंड व ठेवींपुरता.

म्युच्युअल फंड एका कंपनीतून दुसरीकडे 'हलविणे' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विक्री व नवी खरेदी होय. २३ जुलै २०२४ पासून समभागाधारित फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखापलीकडे, साडेबारा टक्के कर आहे. केवळ सुटसुटीतपणासाठी हा कर ओढवून घेणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. दुसरीकडे, चार कंपन्यांचे चार फंड घेतले म्हणजे जोखीम विभागली, हाही भ्रमच. चौघांकडे बहुधा त्याच मोठ्या कंपन्यांचे समभाग असतात.

एकाच कंपनीचा धोका कोणता? फंडातील रोखे स्वतंत्र अभिरक्षकाकडे असल्याने कंपनी बुडाली तरी ते तिच्या धनकोंना मिळत नाहीत. पैसा बुडण्याइतकाच तो अडकण्याचा धोका असतो. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची विक्री व पुनर्खरेदी सहा महिने थांबविली. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना बंद केल्या. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, परंतु घरखर्च त्यावर चालविणाऱ्या निवृत्ताला टप्प्यांची वाट पाहणे परवडत नाही. बँक ठेवींचे गणित याहून सरळ आहे : ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे. तेथे एकत्रीकरण उघड तोट्याचे.

मग एकत्रीकरणाची ओढ का वाटते? कारण व्यवहार पाहणारी व्यक्ती गेल्यावर मागे उरणाऱ्यास खाती सापडत नाहीत. ही भीती खरी आहे, मात्र तिच्यावरचा उपाय कंपनी बदलणे हा नव्हे. सर्व म्युच्युअल फंडांचे एकत्रित विवरणपत्र पॅन क्रमांकावर मिळते. उरलेल्या खात्यांचे क्रमांक, शाखा व नामनिर्देशित व्यक्ती एका साध्या वहीत लिहून ती दोघांनी मिळून वर्षातून एकदा तपासावी. संकेतशब्द तीत लिहू नयेत.

नामनिर्देशनाबाबत विशेष दक्षता हवी. विवाहापूर्वी आई-वडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन कित्येक खात्यांत तसेच राहते. शिवाय नामनिर्देशित व्यक्ती वारसाहक्क डावलून मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये समभागांसंदर्भात स्पष्ट केले आहे. म्हणून मृत्युपत्रातील नाव व खात्यावरील नाव एकच आहे ना, हे वही तपासतानाच पाहावे.