सावलीतल्या बागेत सुगंधी ऱ्होडोडेंड्रॉन : बंगळुरूत अडचण कोणती?

बंगळुरू : मोठ्या, सुगंधी फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनला सावली मानवते, तथापि बंगळुरूत तो तगेल की नाही, हे गारवा, माती आणि पाणी यांवरच अवलंबून असते.

निलगिरीच्या उंच शोलावनांत वाढणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनची लाल फुले जवळजवळ गंधहीन असतात. एजवर्थी, डलहौसिए या सुगंधी प्रजाती पूर्व हिमालयातील आहेत. बंगळुरूची उंची मात्र सुमारे ९०० मीटरच असल्याने उन्हाळा त्यांना कठीण जातो.

या झुडपाची मुळे बारीक व उथळ असतात आणि त्यांना ४.५ ते ६ सामूची आम्लधर्मी माती लागते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने सामू वाढला की मुळांना लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. म्हणून निचऱ्याची रुंद कुंडी, पानकुजीचे खत, साठवलेले पावसाचे पाणी आणि केवळ सकाळचे कोवळे ऊन आवश्यक ठरते. चुना व लाकडाची राख वर्ज्य मानावी. बुंध्याजवळ खुरपणी न करता वाळक्या पानांचे आच्छादन करावे.

एवढी निगा शक्य नसल्यास अर्धसावलीत फुलणारी सुगंधी कुंती हा या शहरासाठी अधिक भरवशाचा पर्याय आहे.